गच्ची जिभाऊंची, टाकी आमची

खानदेशात सोयरीक जुळवताना आता पत्रिका, शेती आणि मुलाचा पगार एवढ्यावर भागत नाही. मुलीकडचं एखादं जाणतं माणूस चहाची बशी खाली ठेवता ठेवता हळूच विचारतं, "तुमच्याकडे नळ कितव्या दिवशी?" स्थळ जळगावचं असेल तर मुलाचा बाप ताठ बसून "दोन दिवसांआड" म्हणतो. धुळ्याचा बाप खाकरतो आणि शेवभाजीचा विषय काढतो. माझी सासुरवाडी धुळ्याची. माझं रूप आणि माझी नोकरी या दोन्ही गोष्टी सासऱ्यांनी पोटात घातल्या, त्या केवळ जळगावच्या नळाच्या भरवशावर. "आमची पोरगी पाण्यात पडली," असं ते आजही अभिमानाने सांगतात. ऐकणाऱ्याचा चेहरा बघून मग खुलासा करतात.

आमच्या कॉलनीतला खरा सण म्हणजे पाण्याचा दिवस. दिवाळीची तारीख निदान कॅलेंडरात छापलेली असते. नळाची वेळ फक्त वॉलमनला माहीत असते, आणि तो ती तोंडातला तंबाखू थुंकल्याशिवाय सांगत नाही. गल्लीत पुढारी आला तर लोक खिडकीतून बघतात. वॉलमन आला तर चहा घेऊन बाहेर येतात. त्याने चावी फिरवली की घराघरातले टिल्लू पंप एकदम घरघरायला लागतात. नळाला टिल्लू लावणं गैर आहे यावर आमच्या गल्लीत संपूर्ण एकमत आहे. प्रत्येकजण तो केवळ शेजाऱ्याने लावला म्हणूनच लावतो.

नळ यायच्या आधीचा विधी त्याहून पवित्र. पहिला थेंब पडायच्या आत आईचा हुकूम सुटतो, "आधी शिळं पाणी ओता!" वाघूर धरणात जे पाणी वर्षभर पडून होतं, मग शुद्धीकरण केंद्रात, मग उंच टाकीत आणि मग गंजक्या पाईपात जे मुक्काम करत आलं, ते नळातून पडेपर्यंत ताजं असतं. आमच्या तांब्याच्या हंड्यात त्याने दोन रात्री काढल्या की ते शिळं. एकदा मी ही विसंगती आईला समजावून सांगायला गेलो. "मग तू धरणातच जाऊन राहा," ती म्हणाली. त्यामुळे पाण्यासाठी वणवण करणाऱ्या आमच्या शहरात नळाच्या दिवशी सकाळी घरोघर मोरीत आधी हंडेच्या हंडे रिकामे होतात आणि मग त्याच हंड्यांवरून भांडणं होतात. उरलेलं पाणी कूलर पितो. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या खाली यायला तयार नसतो, तेव्हा आमच्या घरी आंघोळीला माणशी एक बादली आणि कूलरला मागेल तितक्या.

अशा घरातला मी २२ मार्चला, जागतिक जलदिनाच्या व्याख्यानाला गेलो. वक्ते अभ्यासू होते. त्यांनी सुरुवातच बुऱ्हाणपुरापासून केली. बुऱ्हाणपूर ही जुन्या खानदेशाची राजधानी. तिथे १६१५ साली, अब्दुर रहीम खानखानाच्या काळात, सातपुड्याकडून झिरपत येणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून शहरात आणलं. तो कुंडी भंडारा आजही बघायला मिळतो. मग वक्ते विश्वेश्वरय्यांवर आले. १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागलेला हा तरुण इंजिनिअर लगेच आपल्याकडे आला आणि पांझरेवर त्याने सायफन बांधून पाटाचं पाणी पाईपातून पलीकडे नेलं. मग शिरपूर. तिथे २००४ पासून सुरेश खानापूरकर या भूवैज्ञानिकाने अमरीशभाई पटेलांच्या पाठबळावर नाले खोल-रुंद केले, बंधारे घातले आणि आटलेल्या विहिरींना पाणी आणलं. मग साक्री तालुक्यातलं बारीपाडा, जिथल्या चैत्राम पवारांनी गावाला बरोबर घेऊन जंगल राखलं, पाणी अडवलं आणि २०२५ साली पद्मश्री मिळवली. वक्ते १६१५ वरून २०२५ पर्यंत पोचेतो अंधार पडला होता. माझ्या खिशात फोन थरथरला.

"नळ आलाय. कुठे आहात?" बायको.

"पाणी वाचवण्याच्या व्याख्यानाला."

"वाचवा," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

त्या दिवशी टिल्लू कोणी लावला नाही, कारण टिल्लू लावणं हे घरात माझं एकट्याचं खातं आहे. पुढचे दोन दिवस आम्ही शेजाऱ्यांकडच्या कळशांवर काढले. दुसऱ्या रात्री, कोरड्या घशाने, मी एका लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर गणित मांडलं. गणित साधं आहे. एक चौरस मीटर गच्चीवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. आमची गच्ची हजार चौरस फूट, म्हणजे ९३ चौरस मीटर. जळगावात वर्षाला पाऊस सातशे मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे पासष्ट हजार लिटर! त्यातलं वीस टक्के उडून-सांडून जाणार असं धरलं तरी बावन्न हजार लिटर पाणी दरवर्षी माझ्या डोक्यावर पडत होतं आणि मी वॉलमनला चहा पाजत होतो.

मी बायकोला उठवलं. "बावन्न हजार," मी म्हणालो.

"कुणाचं देणं आहे?" ती दचकून उठून बसली.

आई मात्र शांत होती. तिने सगळं गणित ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "ठेवणार कुठे?" या प्रश्नाला पत्रिकेवर जागा उरली नव्हती. हजार लिटरच्या बावन्न टाक्या ठेवायच्या तर आम्हा सगळ्यांना घराबाहेर राहावं लागलं असतं. शेवटी काळी, तीन थरांची, हजार लिटरची एक टाकी घ्यायचं ठरलं. नंतर हिशेब केला तेव्हा कळलं की आमच्या गच्चीवर फक्त चौदा मिलिमीटर पाऊस पडला की ही टाकी भरते. उरलेले सहाशे शहाऐंशी मिलिमीटर मी खिडकीत बसून बघायचे. शहरी माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी लागतं असं सरकारी मानक आहे. आम्ही पाच जणं. म्हणजे ही टाकी आम्हाला दीड दिवस पुरणार होती. पण तोवर टाकी टेम्पोतून उतरली होती आणि गल्ली बघत होती.

मेहुणा राहतो शिरपूरकडे. पाण्याच्या बाबतीत शिरपूरकडच्या माणसाशी वाद घालू नये, तो उठून थेट नाल्यापर्यंत नेतो. "दाजी," तो म्हणाला, "पाणी असं टाकीत कोंडायचं नसतं. मुरवायचं असतं. आपल्याकडे खाली काळा पाषाण, त्यात पाणी सहजी उतरत नाही. म्हणून तर खानापूरकरांनी नाले पाणी मुरणाऱ्या थरापर्यंत खणले. तुम्ही गच्चीचं पाणी गाळून बोअरजवळच्या शोषखड्ड्यात सोडा. बोअरला पाणी वाढेल."

"आपल्याच बोअरला?"

"आपल्या काय, आजूबाजूच्या सगळ्यांच्याच बोअरला."

"सगळ्यांच्या?"

"पाणी जमिनीखाली सातबारा बघत नाही ना दाजी."

शोषखड्ड्याचा विषय तिथेच संपला. कोपऱ्यावरच्या घराने दोन वर्षांपूर्वी माझ्या टिल्लूची तक्रार केली होती. त्या घराच्या बोअरला मी माझा पाऊस पाजायचा?

मुरवण्याची व्यवस्था कॉलनीत कुठेच नाही असं मात्र समजू नका. पलीकडच्या नव्या इमारतीत आहे. मोठ्या भूखंडावरच्या नव्या बांधकामाला ती नकाशात दाखवावीच लागते, आणि नकाशात ती उत्तम दाखवली आहे. मी स्वतः पाहिली. खड्डा, गाळणी, बाण, सगळं. प्रत्यक्षात त्या बाणाच्या टोकाशी एक स्कूटी उभी असते.

प्लंबर आला तो गच्चीवर जाऊन बराच वेळ नुसता उभा राहिला. आमच्या गच्चीवर तेव्हा बिबडे वाळत होते, लाल मिरच्या वाळत होत्या, गाद्या होत्या, एक तीन पायांची खाट होती आणि मागच्या पिढीतला एक कूलर होता. या सगळ्यातून वाट काढत त्याने बादलीभर पाणी ओतलं आणि पाणी कुठे जातं ते बघितलं. मग म्हणाला, "साहेब, ढाळ उलटा आहे."

"म्हणजे?"

"तुमच्या गच्चीचं पाणी सगळं शेजारी पडतं."

हे मला नवीन नव्हतं. आमच्या आणि शेजारच्या जिभाऊंच्या भांडणाचं हेच तर मूळ. दोन्ही घरं एकाच मिस्त्रीने एकाच वर्षी बांधली, आणि का कोण जाणे, आमच्या गच्चीचा ढाळ जिभाऊंकडे आणि जिभाऊंच्या गच्चीचा ढाळ आमच्याकडे ठेवला. पाऊस लागला की आमची पन्हाळ जिभाऊंच्या अंगणात धो धो कोसळायची आणि त्यांची आमच्या. दरवर्षी मृगात आम्ही कंपाउंडच्या दोन बाजूंनी उभे राहून एकमेकांना एकच वाक्य ऐकवायचो, "तुमचं पाणी तुमच्याकडे घ्या!" जिभाऊ मूळचे साक्री तालुक्यातले, पांझराकाठचे, निवृत्त शिक्षक. भांडण रंगलं की ते प्रमाण मराठी सोडून अहिराणीवर येतात, आणि त्यांनी अहिराणी धरली की आपण हरलो असं समजायचं.

प्लंबरने दोन उपाय सांगितले. एक, सगळी गच्ची फोडून नव्याने कोबा घालायचा. त्याचा आकडा ऐकून मी दुसरा उपाय काय ते विचारलं. दुसरा सोपा होता. टाकी जिभाऊंच्या पन्हाळीखाली ठेवायची. पन्हाळ त्यांची, पण पडते आमच्या हद्दीत. विश्वेश्वरय्यांना पाणी नदीपलीकडे न्यायचं होतं. मला फक्त जिभाऊंना कळू न देता सहा फूट पाईप लावायचा होता.

गाळणीसाठी गिट्टी, कोळसा आणि रेती लागते. गिट्टी रस्त्याच्या अर्धवट कामावर मिळाली. कोळसा आईने दिला, कारण ती भरताची वांगी पऱ्हाट्यांवर भाजते आणि कोळसा तिच्या दृष्टीने शहरी लोकांची हौस आहे. रेतीने मात्र घाम काढला. गिरणेच्या काठच्या जिल्ह्यात राहून मला दोन घमेली रेती मिळेना. एकाने सांगितलं, ट्रॅक्टरच्या खाली बोलायचंच नाही. दुसरा म्हणाला, मिळेल, पण रात्री दोनला येईल, घराबाहेरचा दिवा बंद ठेवा. पावसाचं पाणी गाळण्यासाठी रात्री दोनला दिवा बंद करून बसायची माझी तयारी नव्हती. शेवटी मुलांच्या बागेत घसरगुंडीखाली जी असते त्यातली, मुलाच्याच खेळण्यातल्या बादलीतून, हप्त्याहप्त्याने आणली.

आता या शास्त्रातला एक नियम असा की पहिला पाऊस टाकीत घ्यायचा नाही. उन्हाळाभर गच्चीवर साचलेली धूळ, कबुतरांची विष्ठा, सगळं त्यात येतं. सुरुवातीचे एक-दोन मिलिमीटर बाजूच्या व्हॉल्व्हमधून सोडून द्यायचे, मग पाणी टाकीकडे वळवायचं. नियम शहाणा आहे. पण तो ज्या कुणी लिहिला तो खानदेशातला नसावा. मार्चपासून आभाळाकडे डोळे लावून बसलेल्या गल्लीत पहिला पाऊस आला, पोरं नाचायला बाहेर पडली, मातीचा वास सुटला, आणि मी डोक्यावर युरियाचं पोतं घेऊन जिभाऊंच्या पन्हाळीखाली उभा राहून दोन्ही हातांनी व्हॉल्व्ह धरून ते पाणी गटारात सोडत होतो.

जिभाऊ कंपाउंडवरून डोकावले. "हाई काय करी ऱ्हायनात तुम्ही?"

"पहिलं पाणी सोडतोय."

"सोडतोय? बठ्ठं पानी वाही गयं! वरीसभर पानी पानी करतंस, आनि उनं ते गटारमा?"

मी शास्त्र समजावायला तोंड उघडलं, तर तोंडात पाणी गेलं. ते पन्हाळीचंच होतं, म्हणजे त्यात शास्त्राने सांगितलेलं सगळं होतं. तेवढ्यात पाऊस थांबला. मी खुशीत व्हॉल्व्ह टाकीकडे वळवला, आता दुसरा पाऊस आपलाच. दुसरा पाऊस आषाढी एकादशी होऊन गेल्यावर आला. मधल्या काळात गल्लीतून येणारा-जाणारा प्रत्येकजण कोरड्या टाकीवर बोटाने टकटक करून जायचा. एका पोराने तर आत तोंड घालून स्वतःचं नाव पुकारलं, आवाज छान घुमतो म्हणून.

पण आला तो असा आला की रात्रीत टाकी भरली. सकाळी मी झाकण उघडून बघितलं. पाणी स्वच्छ, थंड, तळ दिसत होता. आणि तळाशी ज्वारीचे चार दाणे. जिभाऊंच्या मंडळी रोज सकाळी गच्चीवर कबुतरांना दाणे टाकतात, हे मला अनेक वर्षांपासून माहीत होतं. माझं पाणी म्हणून ते मी पहिल्यांदा पाहिलं. मी तडक त्यांच्याकडे गेलो.

"वहिनी, कबुतरांना दाणे टाकणं बंद करा."

"का बरं? पुण्य असतं."

"पुण्य तुमच्याकडे राहतं, बाकीचं सगळं माझ्या टाकीत येतं."

इथे बिंग फुटलं. जिभाऊ पाठोपाठ आले, पाईप बघितला, गाळणी बघितली, टाकीचं झाकण उचलून आत बघितलं. इतकी वर्षं हेच पाणी परत घ्या म्हणून मी त्यांच्या मागे लागलो होतो, तो मी आता त्यांच्या पन्हाळीला क्लॅम्प मारून बसलो होतो. त्यांनी अहिराणी धरली. "मन्ही गच्ची, मन्हं पानी!" मी म्हणालो, पडतं माझ्या हद्दीत. ते म्हणाले, ढगातून पडलं माझ्या हद्दीत. यावर मला उत्तर सुचेना. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघतो तर आमच्या पन्हाळीखाली, त्यांच्या अंगणात, दोन निळे ड्रम उभे.

त्या दिवसापासून दोन्ही घरांचं चारित्र्य बदललं. आमच्या गच्चीवर गेल्या कित्येक वर्षांत झाडू लागला नव्हता. स्वतःची गच्ची झाडावी असं मला कधी वाटलंच नव्हतं. पण जिभाऊंची गच्ची म्हणजे माझी टाकी. मी रोज सकाळी खराटा घेऊन शिडीने जिभाऊंच्या गच्चीवर जायला लागलो. तिथे कोपऱ्यात उभा राहून बघतो तर पलीकडे आमच्या गच्चीवर जिभाऊ लुंगी खोचून खराटा मारताहेत. आमचा मागच्या पिढीतला कूलर त्यांनी भंगारवाल्याला देऊन टाकला. "त्याचा गंज मन्हा ड्रममा उतरस," ते म्हणाले आणि आलेले पैसे प्रामाणिकपणे आणून दिले. मिरच्या काढायला आईला त्यांनी दोन दिवसांची मुदत दिली. आईने मोठ्या आवाजात विचारलं, की आमच्या गच्चीवर मिरच्या वाळवायच्या की नाही हे आता शेजारी ठरवणार का? जिभाऊ शांतपणे म्हणाले, "माय, मी तुमनी गच्चीनं पानी पेस."

उपमा देऊन सांगायचं तर दोन विहिणींनी एकमेकींच्या सुनेचं माहेरपण करावं तशी आमची व्यवस्था लागली. गल्लीत आज सगळ्यात स्वच्छ गच्च्या आमच्या दोघांच्या आहेत. आपापल्या मालकीच्या असत्या तर त्या तशा राहिल्या नसत्या, हे मी शपथेवर सांगतो.

घरातलं पाणी मात्र अजून पास व्हायचं होतं. आई त्या पाण्याला हात लावायला तयार नव्हती. दोन रात्रींचं पाणी जिथे शिळं, तिथे पंधरवड्याचं पाणी कोण घेणार? "उकळून पिऊ," मी म्हणालो. उकळलं, तुरटी फिरवली. आईने घोट घेतला आणि तांब्या खाली ठेवला. "याला चवच नाही." खरंच नव्हती. पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, आणि आमच्या जिभा बोअरच्या क्षारांवर वाढलेल्या. मग एके दिवशी नळ चुकला आणि बायकोने नाइलाजाने त्या पाण्यात तुरीची डाळ लावली. आमच्या बोअरच्या पाण्यात डाळ शिजवणं म्हणजे कुकरच्या शिट्ट्या मोजत म्हातारं होणं. त्या पाण्यातलं कॅल्शियम डाळीचा गर असा काही घट्ट धरून ठेवतं की घोटून घोटून रवी झिजते. पावसाच्या पाण्यात तीच डाळ दोन-तीन शिट्ट्यांत मेणासारखी मऊ झाली. आईने झाकण काढलं, पळीने डाळ दाबून बघितली, पुन्हा दाबली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "उद्या बट्ट्या लाव गं. वरण याच पाण्यात."

झालं. बावन्न हजार लिटरचं गणित जे करू शकलं नाही ते एका वाटी डाळीने केलं. बातमी कॉलनीत पसरली. साबणाला फेस येतो, केस मऊ राहतात, ही पुढची प्रकरणं बायकांच्या गप्पांतून बाहेर पडली. आता हंडा नाही, फक्त एक लोटी, डाळीपुरती, मागायला माणसं यायला लागली. ज्यांनी टाकीवर टकटक केली होती ती सगळी. डाळीपुरती म्हणता म्हणता हजार लिटरची टाकी आठवड्यात तळाला लागली, आणि त्यातली निम्मी डाळ आमच्या घरी शिजलीच नव्हती. मी नळाला कुलूप घातलं. संध्याकाळी जिभाऊ आले आणि त्यांनी माझ्या कुलपाशेजारी त्यांचं कुलूप घातलं. गच्ची त्यांची ना.

त्या रात्री त्यांनी मला बसवून फडाची गोष्ट सांगितली. पांझराकाठी त्यांचं वडिलोपार्जित शेत फडात आहे. नदीवर दगडी बंधारा, बंधाऱ्यावरून पाट, पाटाखालची सगळी जमीन, म्हणजे थळ, फडांत वाटलेली. एका फडात एका हंगामाला एकच पीक, म्हणजे कुणाच्या उसाला जास्त आणि कुणाच्या गव्हाला कमी, हा वादच नाही. शेकडो वर्षं हे चाललंय. आणि त्यातलं मुख्य सूत्र जिभाऊंनी माझ्या गुडघ्यावर हात मारून सांगितलं, "शेतमालकाने पाण्याला हात लावायचा नाही. पाणी सोडायचं ते पाटकऱ्याने." मालक कितीही मोठा असो, बांधावर उभं राहून बघायचं. पाटकरी म्हणेल तेव्हा आणि म्हणेल तितकं.

"एवढी नदी तुम्ही भांडण न करता वाटून घेतलीत," मी म्हणालो.

"मग!"

"आणि आपल्याला एक पन्हाळ वाटता येईना?"

जिभाऊ विचारात पडले. "तठे पाटकरी व्हता," ते म्हणाले.

आम्ही दोघांनी मिळून नावं काढली. मेहुणा नको, तो पाणी जमिनीत सोडून देईल. प्लंबर नको, तो प्रत्येक खेपेला एल्बो बदलेल. वॉलमनचं नाव निघालं आणि दोघांनीही एकदम नको म्हटलं; आठवड्यातून एकदाच डाळ खायची तयारी कुणाचीच नव्हती. आई म्हणाली मी करते, पण तिच्याकडे किल्ली गेली तर नळाच्या दिवशी सकाळी टाकी शिळी म्हणून मोरीत रिकामी होईल.

सध्या स्थिती अशी की टाकी काठोकाठ भरलेली आहे, वर आणखी पाऊस पडतो आहे, पाणी झाकणावरून वाहून गटारात चाललं आहे, आणि नळाला दोन कुलपं आहेत. जिभाऊ नातवाकडे पुण्याला गेले आहेत, त्यांची किल्ली त्यांच्या जानव्याला आहे. तरी कुणाच्या पाहण्यात निर्व्यसनी, स्वतःची गच्ची नसलेला, डाळ न खाणारा पाटकरी असल्यास कृपया कळवावं. पगार धान्याच्या रूपात मिळेल. ज्वारी आहे; वहिनींनी कबुतरांची बंद केलेली.